ओझं कुठं बसलंय

पन्हाळ्याच्या पश्चिमेला, कासारी नदीच्या खोऱ्यात आमचं गाव आहे. घर आणि ऊस खाली, दीड एकराचा माळ वर, सड्याच्या कडेला. मधे अडीच किलोमीटरची वाट. खालची निम्मी वाट तांबड्या मातीची, वरची जांभ्याच्या उघड्या खडकाची. पावसाळ्यात खाली चाक रुततं आणि वर चाक घसरतं. आमची बैलजोडी २०१४ साली गेली. तेव्हापासून वरच्या नाचणीला लागणारं खत, फवारणीचा पंप, पाइपची वेटोळी आणि येताना गवताचे भारे, सगळं डोक्यावरनं. ट्रॅक्टर मिळतो, पण त्याच्या सवडीनं, आणि एका पोत्यासाठी कोणी यायला तयार नसतं.

मी शिरोलीच्या एमआयडीसीत एका मशीन शॉपमध्ये काम करतो. मेकॅनिकलचा डिप्लोमा झालाय, लेथ आणि मिलिंग रोज हाताखालचं. एक माणूस आणि पंचवीस-तीस किलो ओझं घेऊन ती वाट चढेल, बिघडली तर घरी दुरुस्त करता येईल, अशी हलकी गाडी आपण बनवावी असं २०१८च्या दिवाळीत मनात आलं आणि मी कामाला लागलो. पुढची दीड वर्षं त्यात गेली. एक गाडी पूर्ण बांधली, ती पडली, मी ती कापली आणि दुसरी बांधली. दुसरी आज चालते. पहिली का पडली आणि दुसरी का पडत नाही, हे नीट सांगायला हवं असं मला वाटतं, कारण आमच्या भागात अशा गाड्या करू पाहणारी पोरं खूप आहेत.

चाकं तीनच का, हे सगळ्यांनी विचारलं. दोन कारणं होती. एकाच चाकाला साखळीनं ताकद दिली की डिफरन्शियल लागत नाही, मोटारसायकलचं इंजिन थेट बसवता येतं आणि वजन वाचतं. दुसरं, खडबडीत जमिनीवर चार चाकांची ताठ गाडी तीनच चाकांवर उभी राहते आणि चौथं अधांतरी लटकतं. ते टेकवायला सस्पेन्शन खूप खाली-वर व्हावं लागतं. तीन टेकू मात्र कुठल्याही जमिनीवर तिन्ही टेकतात. चुलीला तीन दगड असतात आणि तिवईला तीन पाय, ते यासाठीच.

एक गोष्ट सुरुवातीलाच ठरवली होती. ही गाडी सार्वजनिक रस्त्यावर आणायची नाही. १९८८च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे रस्त्यावर फिरायला नोंदणी लागते, आणि नव्या नमुन्याच्या गाडीला त्याआधी पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेतल्या चाचण्यांतून जावं लागतं. घरी बांधलेल्या एकट्या गाडीचं ते काम नव्हे. आमच्या घरापासून माळापर्यंत कुठं डांबरी रस्ता लागत नाही, म्हणून हे जमलं.

पहिल्या गाडीसाठी मात्र मी भंगारातल्या रिक्षाचे भाग, डिफरन्शियलसकट, घेतले. तीनचाकी म्हटल्यावर डोळ्यांसमोर रिक्षाच येते. मागं इंजिन, डिफरन्शियल, रिव्हर्स गियर, सगळं एका जागी तयार. पुढचा फोर्कही मिळाला. मधे पाइपची चौकट जोडली. रिक्षाची आठ इंची चाकं खडकावर चालणार नाहीत, म्हणून स्कूटरची दहा इंची बसवली आणि पोट खडकाला घासू नये म्हणून चौकट आणखी वर उचलली. पुढचे दगड दिसावेत म्हणून सीट उंच केली. चढावर पुढचं चाक उचलू नये म्हणून ती सीट पुढंही सरकवली. प्रत्येक बदलाला कारण होतं. सगळे मिळून काय होतंय, ते मी पाहिलं नाही.

मे २०१९मध्ये, चाचणीच्या दुसऱ्या आठवड्यात, माळावरून रिकामा उतरत होतो. वेग वीसच्या आतच. डावीकडच्या वळणावर मधे एक धोंडा दिसला आणि मी ब्रेक दाबला. गाडी घसरली नाही. मागचं डावं चाक उचललं आणि पुढच्या चाकावर भार देत ती तिरकी, उजवीकडे पुढं, पडली. हेल्मेट आणि पट्टा होता, डोक्यावर पाइपची कमान होती. पण पडताना माझा उजवा हात आपोआप बाहेर गेला आणि पाइपखाली सापडला. मनगटाच्या वरचं हाड मोडलं. सहा आठवडे प्लास्टर.

कोणी पडायला लागला की हात बाहेर टाकतोच, ते थांबवता येत नाही. म्हणून दुसऱ्या गाडीत दोन्ही बाजूंना जाळी आहे आणि मनगटाला बांधायचे पट्टे आहेत. हे मी कुणालाही पहिल्यांदा सांगतो.

प्लास्टरमधल्या सहा आठवड्यांत वेल्डिंग बंद, मशीन बंद. सकाळी मी गोठ्याच्या ओट्यावर डाव्या हातानं वहीत आकृत्या काढत बसायचो. तीन चाकं जमिनीला टेकतात ते तीन बिंदू रेघांनी जोडले की त्रिकोण होतो. गाडीचा गुरुत्वमध्य त्या त्रिकोणावर कुठंतरी येतो. वळणावर त्याला बाहेरच्या बाजूला ढकलणारा जोर असतो. तो जोर त्याला त्रिकोणाच्या कडेपलीकडे नेऊ शकला की गाडी पडते. चारचाकीत दोन्ही कडा समांतर असतात. तीनचाकीत त्या एकट्या चाकाकडे निमुळत्या होत जातात. माझ्या गाडीत मागच्या चाकांतलं अंतर ११५ सेंमी, निम्मं साडेसत्तावन्न. पण जवळजवळ चाळीस टक्के वजन पुढच्या एकट्या चाकावर गेलेलं, म्हणजे गुरुत्वमध्य निमुळत्या भागात पुढं सरकलेला. तिथं निम्मी रुंदी उरते साडेसत्तावन्नच्या साठ टक्के, साडेचौतीस सेंमी. गुरुत्वमध्याची उंची अंदाजे ६० सेंमी. साडेचौतीसला साठनं भागलं की ०.५७ येतात. म्हणजे गाडीच्या वजनाच्या सत्तावन्न टक्के आडवा जोर आला की ती पडणार. त्यात उतार आणि ब्रेक, दोन्ही वजनाला पुढं, त्रिकोणाच्या टोकाकडे ढकलणारे. मी पडलो ते नेमकं त्या तिरक्या कडेवरून.

त्या दिवसांत आणखी वाचलं. होंडानं १९७० साली अमेरिकेत फुगीर टायरांची तीनचाकी आणली, एक चाक पुढं आणि दोन मागं. ती खूप खपली, पण इतक्या लोकांना, विशेषतः मुलांना, दुखापती झाल्या की १९८८ साली तिथल्या सरकारशी झालेल्या समझोत्यानं अशा नव्या तीनचाकींची विक्री कंपन्यांनी थांबवली. उलट इंग्लंडच्या मॉर्गनची तीनचाकी १९१० साली लोकांपुढं आली, तिची दोन चाकं पुढं होती आणि ताकद मागच्या एकट्या चाकाला. ती शर्यतीतही पळाली.

हे सगळं मी आबांना सांगत होतो. आबा म्हणजे माझे वडील. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "ओझं कुठं बसलंय?"

मी वहीतला बिंदू दाखवला. ते उठले आणि मला गोठ्याच्या मागं घेऊन गेले. बैल गेले तरी आमची बैलगाडी तिथं पत्र्याखाली उभी आहे. त्यांनी वाकून जू एका हातानं उचललं. "भरलेली गाडीबी एका माणसाला अशी उचलता आली पायजे," ते म्हणाले. "उचलतच न्हाई मंजे सगळं ओझं बैलाच्या मानंवर. आपसूक वर जात्यी मंजे उलाळ. ओझं कण्यावर पायजे, जरासं जुवाकडं."

मी तिथंच खाली बसलो. बैलगाडीला चाकं दोन, पण टेकू तीनच. दोन चाकं आणि जू. सगळं ओझं दोन चाकांच्या कण्याजवळ आणि थोडासा भाग तिसऱ्या टेकूवर. मी एवढी पानं भरून जे शोधत होतो, ते आबांनी चाळीस वर्षं गाडी भरताना रोज केलेलं होतं. मी लहानपणी त्यांच्याशेजारी बसून माळावर जायचो. चढ आला की ते जुवाकडं सरकून बसायचे, उतार आला की साटीत मागं. मला ती त्यांची सवय वाटायची.

माझ्या पहिल्या गाडीतही दोन चाकं एकीकडे होती, पण ओझं त्यांच्यापासून लांब आणि उंच बसलेलं होतं.

ऑगस्ट २०१९चा महापूर आला. शिरोलीजवळ महामार्गावर पंचगंगेचं पाणी चढलं, कामावर जाणं बंद. त्या दिवसांत दुसऱ्या गाडीचा नकाशा पूर्ण झाला. दोन चाकं पुढं, एक मागं. पुढच्या चाकांत अंतर १३० सेंमी. पुढच्या कण्यापासून मागच्या चाकापर्यंत १८० सेंमी. चालवणारा खाली बसलेला, पाय पुढच्या चाकांच्या मधे. इंजिन पाठीमागं, पण मागच्या चाकाच्या बरंच अलीकडं. दोन तृतीयांश वजन पुढच्या दोन चाकांवर, एक तृतीयांश मागं.

दिवाळीनंतर मी कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरमधल्या एका मेस्त्रींकडे गेलो. दर रविवारी त्यांच्या शेडमध्ये काम करायचं, वीज आणि गॅसचे पैसे द्यायचे, असं ठरलं. उद्यमनगरमध्ये असं काम कुणाला वेगळं वाटत नाही. याच कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी दामल्यांना बरोबर घेऊन १९१८ साली सिनेमाचा कॅमेरा स्वतः बनवला होता, आणि मेस्त्री ते काल घडल्यासारखं सांगतात. त्यांनी आधी माझी जुनी गाडी शेडमध्ये आणायला लावली. "ही कापून टाक भावा, मग नवीन काढ. दारात उभी राहिली तर तिचंच कायतरी वापरावं वाटंल." ग्राइंडरनं पाऊण तासात तिचे तुकडे झाले. मी स्वतः कापली. चार महिन्यांचे टाके होते.

नवीन चौकटीसाठी पाइप कुठला घ्यायचा, हे भाच्याकडून कळलं. त्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजची टीम इंदूरजवळ पिथमपूरला बाहा स्पर्धेला जायची. २००७पासून भरणाऱ्या या स्पर्धेत पोरं स्वतः बांधलेल्या बग्ग्या पळवतात. त्यांच्या नियमात माणसाभोवतीच्या मुख्य पाइपचं माप दिलेलं होतं: बाहेरचा व्यास २५ मिमी, जाडी ३ मिमी, पोलादात कार्बन किमान ०.१८ टक्के. मी तेच धरलं. असा पाइप मीटरला एक किलो ६३० ग्रॅम भरतो. मला २८ मीटर लागला, म्हणजे ४६ किलोच्या आसपास. पहिल्या गाडीचा पाइप पाण्याच्या लाइनचा होता. तो दिसायला जाड असतो, पण आदळल्यावर कसा वागेल याची खात्री नसते.

पाइपला पाइप भिडवायचा तर टोक माशाच्या तोंडासारखं कापावं लागतं. मेस्त्री कागदाची पट्टी पाइपभोवती गुंडाळून, वळणाची रेघ मारून ते कापतात. फट एका रॉडच्या जाडीपेक्षा जास्त राहिली की ते जोड परत करायला लावायचे, कारण फट वेल्डनं भरून काढलेला जोड वरून गोरा दिसतो आणि आतून पोकळ राहतो. आधी सगळी चौकट टाके मारून उभी केली, तिरकस मापं दोन्ही बाजूंनी सारखी आहेत का ते दोरीनं पाहिलं आणि मगच पूर्ण वेल्ड. तेही एका बाजूला सलग नाही. डावीकडे एक जोड, मग उजवीकडे त्याचाच जोडीदार. एकाच बाजूला तापवत गेलं की जॉब ओढतो. इतकं जपूनही आमची चौकट मागच्या बाजूला चार मिमी ओढली. ते मागच्या फोर्कच्या वॉशरांत सांभाळून घेतलं.

पुढचा भाग भंगारातल्या मारुती ८००चा. नकल, हब, डिस्क ब्रेक, रॅक-पिनियन स्टिअरिंग, सगळं एकाच गाडीचं. मी तिचे स्ट्रटही तसेच वापरायचे ठरवले आणि तिथं फसलो. ते स्प्रिंग सहाशे-साडेसहाशे किलोंच्या गाडीसाठी बनवलेले. माझ्या गाडीच्या पुढच्या एका चाकावर शंभर किलोच्या आसपास भार. गाडीवर उभं राहून उड्या मारल्या तरी ते दबेनात. असं सस्पेन्शन नसल्यासारखंच. मग वरचा आडवा हात पाइपचा बनवला, टोकाला रॉड एंड बसवले आणि मोटारसायकलचे मागचे शॉकअप लावले. आता चाक बारा सेंमी वर-खाली होतं.

वळताना आतलं चाक बाहेरच्यापेक्षा जास्त वळायला लागतं, कारण त्याचं वर्तुळ लहान. ही रचना अ‍ॅकरमन नावानं ओळखली जाते. तिचं पेटंट १८१८चं आहे, घोडागाड्यांसाठी घेतलेलं. ती तपासायची सोपी रीत मेस्त्रींनी दाखवली: चाक ज्या खिळीभोवती वळतं तिथून स्टिअरिंगच्या हाताच्या टोकावरून दोरी मागं ताणायची. दोन्ही बाजूंच्या दोऱ्या मागच्या चाकाच्या आसावर मधोमध भेटल्या पाहिजेत. आमच्या दोऱ्या आसाच्या मागं हातभर लांब भेटत होत्या, कारण मारुती माझ्या गाडीपेक्षा लांब. नकलवरचे हात तापवून वाकवण्याचा मोह झाला, पण स्टिअरिंगचा भाग तापवून त्याची ताकद घालवायची नाही. मी ईएन८चे नवीन तुकडे मिलिंगवर काढून ते बोल्टनं बसवले.

मागचं चाक ओमनीचं, बारा इंची रिमवर खोल नक्षीचा टायर. त्यासाठी हब मी स्वतः लेथवर काढला, आत दोन ६२०६ बेअरिंग. इंजिन अपघातात गेलेल्या आणि नोंदणी रद्द झालेल्या पल्सर १५०चं, कागदांसकट घेतलेलं. बाइकच्या सतरा इंची चाकाचा व्यास टायरसकट ६१ सेंमी, ओमनीच्या चाकाचा ५४. म्हणजे काही न करता गियर बारा टक्क्यांनी चढाला सोयीचे झाले. उरलेलं काम मागच्या मोठ्या स्प्रॉकेटनं केलं. टायर रुंद असल्यानं साखळी बाहेरून न्यावी लागली, त्यासाठी इंजिन सहा सेंमी डावीकडे सरकवलं आणि तोल साधायला बॅटरी व टाकी उजवीकडे ठेवली.

साखळीनं मात्र त्रास दिला. मागचा फोर्क ज्या पिनवर हलतो ती पिन मी जागेच्या सोयीनं इंजिनच्या स्प्रॉकेटपासून चौदा सेंमी लांब धरली होती. चाक वर गेलं की साखळी सैल, खाली आलं की ताठ. गाडी चालवायला लागल्यावर दुसऱ्याच दिवशी ती उतरली आणि केसिंगवर घासली. पिन स्प्रॉकेटच्या जवळात जवळ आणली तेव्हा थांबली. त्यासाठी मागचा पूर्ण फोर्क कापून परत केला. पहिली गाडी कापल्यावर हे कापणं जड गेलं नाही.

फेब्रुवारी २०२०च्या शेवटच्या रविवारी गाडी उभी राहिली, आणि ती चालवण्याआधी मी तोलली. एका धान्याच्या व्यापाऱ्याकडून काटा आणला. प्रत्येक चाक आळीपाळीनं काट्यावर आणि बाकीची दोन तेवढ्याच उंचीच्या फळ्यांवर. मी सीटवर बसलेलो. पुढचं डावं १०४ किलो, उजवं १०६, मागचं १०८. एकूण ३१८, त्यातले २१० पुढं. दोन तृतीयांशाला अगदी लागून. मग उंची काढली. शॉकअपच्या जागी पट्ट्या घालून ते ताठ केले आणि मागचं चाक ४५ सेंमी उचलून पुढची चाकं परत तोलली. पुढचं वजन साडेआठ किलोंनी वाढलं. त्यावरून हिशेब केला, गुरुत्वमध्य जमिनीपासून ४५ सेंमी. पहिल्या गाडीपेक्षा पंधरा सेंमी खाली. निम्मी रुंदी त्या जागी ४३ सेंमी. भागाकार ०.९५. आडवा जोर वजनाच्या पंचाण्णव टक्क्यांवर गेल्याशिवाय सपाटीवर ती पडायची नाही, आणि मुरमावर किंवा मातीवर टायर त्याच्या कितीतरी आधी घसरतो. घसरलेली गाडी सावरता येते.

ब्रेक लावल्यावर वजन पुढं येतं, म्हणजे आता दोन चाकांकडे, रुंद बाजूला. ज्या गोष्टीनं मला पाडलं तीच आता आधार देते.

पुढं लॉकडाऊन लागला. मी गाडी घेऊन गावात होतो आणि वेळच वेळ होता. रोज थोडी चालवायची, संध्याकाळी काहीतरी सोडवायचं. चाक दगडावरून गेलं की स्टिअरिंग हातातून ओढलं जायचं. रॅक खाली बसला होता, त्यामुळं चाक वर जाताना आपोआप वळत होतं. रॅकखाली पट्ट्या घालून तो २२ मिमी वर घेतला, तेव्हा ते जवळजवळ गेलं. मोटारसायकलचं इंजिन समोरच्या वाऱ्यानं थंड होतं आणि माझ्या पाठीमागं तो वारा मिळत नव्हता. चढावर दहा मिनिटांत ते इतकं तापायचं की ताकद कमी व्हायची. दोन्ही बाजूंना पत्र्याची तोंडं काढली आणि ट्रकच्या केबिनमध्ये असतो तसला बारा व्होल्टचा छोटा पंखा बसवला. टायरची हवा कमी करत १६ पीएसआयवर आणली, तेव्हा खडकावरचे हादरे निम्मे झाले. सगळा खर्च धरून ६४ हजार रुपये लागले, पहिल्या गाडीचे सोडून.

जूनमध्ये पाऊस सुरू झाला आणि या रचनेची उणी बाजू समोर आली. ताकद मिळणारं चाक मागचं, आणि त्याच्यावर वजन एक तृतीयांशच. तांबड्या मातीच्या ओल्या चढावर ते जागेवरच फिरायला लागलं. इंजिन मागं सरकवलं असतं तर पकड वाढली असती, पण मग तोल गेला असता. ती अदलाबदल मला करायची नव्हती. धाकट्या भावानं खताचं तीस किलोंचं पोतं मागच्या चाकावर बांधून पाहिलं. गाडी चढली. मी वही काढली. पोतं धरून मागचा भाग ४० टक्क्यांवर जातो, भागाकार ०.८४च्या आसपास येतो. पहिल्या गाडीपेक्षा तरीही खूप चांगला. पण ते पोतं मागं ठेवून उतरायचं का, हा प्रश्न होता. उतरताना तर गवताचा भारा असतो.

आबा ओट्यावरून बघत होते. ते म्हणाले, "चढाला जुवाकडं, उताराला मागं. तुज्या गाडीचं जू मागं गेलंय, एवढंच."

त्यांचं बरोबर होतं. चढावर बैलगाडी उलाळायला बघते म्हणून ओझं तिसऱ्या टेकूकडे न्यायचं. उतारावर ते तिथून काढून घ्यायचं. माझ्या गाडीत तिसरा टेकू मागचं चाक. मी दोन कॅरियर बनवले. एक मागच्या चाकाच्या वर, तीस किलोंपर्यंत. दुसरा पुढच्या चाकांच्या मधे, पायांच्या वर, पंचवीस किलोंपर्यंत, आणि मुद्दाम खाली, गुडघ्याच्या उंचीला. वर जाताना खत मागं बांधतो, तिथं ते उतरवतो. येताना गवत पुढं. जुलै-ऑगस्टातले काही दिवस ती तरीही चढत नाही, तेव्हा आम्ही चालत जातो.

गेल्या काही वर्षांत बरीच पोरं गाडी बघायला आली. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रेच्या एका कारागिरानं भंगारातून बांधलेली, किकनं सुरू होणारी छोटी चारचाकी २०२१च्या शेवटी देशभर गाजली, त्यानंतर तर फार. त्यांना इंजिन कुठलं घेऊ हे विचारायचं असतं. मी त्यांना आधी चौकटीचा नकाशा जमिनीवर खडूनं काढायला लावतो, तीन चाकांच्या जागी तीन विटा ठेवतो आणि इंजिन, माणूस, टाकी, ओझं यांची नावं आणि वजनं लिहून ते कागद जागेवर ठेवायला सांगतो. मग आबांचा प्रश्न विचारतो. दोघांनी तिथंच पुढचं एक चाक मागं नेलं आणि मागची दोन पुढं.

आबा आता गाडी भरण्याचं काम स्वतःकडे ठेवतात. मी वर माळावर भारे बांधून देतो, ते पुढच्या कॅरियरवर चढवतात, दोरी आवळतात, आणि पुढच्या शॉकअपवर तळहात ठेवून एकदा दाबून बघतात. मग मागं येतात आणि चाकाजवळची चौकट दोन्ही हातांनी जरा उचलून बघतात, जू उचलायचे तशीच. ती पूर्ण उचलत नाही, पण किती जड लागते ते त्यांना कळतं. ते हात झटकतात आणि म्हणतात, "हं, जा आता."